विश्लेषण : जुनी जीप मूळ रूपात आणायची, पण कागदावरचे ‘मूळ’ कोणते?

जुनी महिंद्रा जीप घ्यायची, आधीच्या मालकांनी केलेले फेरफार काढून टाकायचे आणि ती कारखान्यातून निघाली तशी करायची, असा अनेकांचा बेत असतो. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५ हजारांवरून १० हजार रुपये झाले. २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही (एचएसआरपी) सक्तीची झाली. या पाटीच्या अर्जात चेसिस आणि इंजिन क्रमांक भरावा लागतो. इंजिन कधीकाळी बदललेले असेल आणि नोंद झालेली नसेल, तर गाडीवरचा क्रमांक सरकारी नोंदीशी जुळत नाही. दारातली जीप आणि कागदावरची जीप एकच आहे का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

एवढे फेरफार झाले कशामुळे?

बहुतेक फेरफार हौसेपोटी नव्हे, पोटापाण्यासाठी झाले. महिंद्राने विलीस जीपची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढे कित्येक वर्षे चाललेल्या सीजे-३बी या मॉडेलमध्ये सुमारे २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होते. पेट्रोल महाग झाले तसे ते काढून डिझेल इंजिन बसवले जाऊ लागले. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या गावच्या मेकॅनिकला डिझेलच हाताळता येत असे. १९८५ मध्ये आलेल्या एमएम-५४० मध्ये तर कंपनीनेच प्यूजोचे २.१ लिटर डिझेल इंजिन दिले.

वडापच्या धंद्यात आणखी वेगळी गरज होती. जास्त माणसे बसावीत म्हणून मागचा भाग लांबवला गेला, आडव्या सीट आल्या, मागे उभे राहायला पायरी जोडली गेली. डिझेल वाचावे म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवला की फोर बाय फोर गाडी नुसती मागच्या चाकांवर चालू लागे. तो शाफ्ट पुढे भंगारात जाई. रुंद टायर, उंच केलेले सस्पेन्शन, लोखंडी बंपर आणि दिव्यांची रांग ही हौस त्या मानाने अलीकडची.

उलटवताना नेमके कुठे अडते?

टायर आणि बंपर काढणे सोपे आहे. अवघड असते ते न दिसणारे. मूळ जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असत. त्यांच्या जागी मोठे टायर आले की स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो, स्टिअरिंग जड होते आणि किंगपिनच्या बेअरिंगवर ताण येतो. स्प्रिंगचे शॅकल लांब करून गाडी उंच केली असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर झिजतात. त्यामुळे जुने टायर चढवले की काम झाले असे होत नाही. आधीची झीजही मोजावी लागते.

सर्वात फसवा फेरफार अ‍ॅक्सलमध्ये दडलेला असतो. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. फोर बाय फोर लावले की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. दोन्ही अ‍ॅक्सलच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर त्यामुळे सारखेच हवे. आधीच्या मालकाने दुसऱ्या मॉडेलचा मागचा अ‍ॅक्सल बसवला असेल तर टू बाय टूमध्ये काहीच कळत नाही. फोर बाय फोर लावले की दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटतो. गाडी जॅकवर घेऊन शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एक फेरी घेते, हे पुढे-मागे मोजून पाहणे हा यावरचा बिनखर्ची उपाय. मूळ शाफ्ट मिळवण्याआधी हे मोजावे.

वायरिंगबद्दल थोडक्यात : रिले न लावता जोडलेले जादा दिवे आणि हॉर्न दिसले, तर तुकडे जोडत बसू नये, सगळेच नव्याने करावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या मान्य किटला आणि अपंगांसाठीच्या बदलांना अपवाद आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. बुल बारविरुद्ध कारवाईच्या सूचना केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच दिल्या होत्या.

मग मूळ रूपात आणणे हाही फेरफार?

येथे गुंता आहे. कलम ५२ चे आजचे कडक रूप २००० च्या दुरुस्तीनंतरचे. त्याआधी आरटीओच्या परवानगीने बदल करता येत आणि ते नोंदवलेही जात. म्हणजे एखाद्या सीजे-३बीच्या प्रमाणपत्रावर ‘डिझेल’ असे रीतसर लिहिलेले असू शकते. नवा मालक तिच्यात पुन्हा हरिकेन पेट्रोल इंजिन बसवतो तेव्हा गाडी निर्मात्याच्या तपशिलाकडे जाते, पण प्रमाणपत्रापासून दूर जाते.

कलमाचा शब्दश: अर्थ लावला तर हा मालक दोषी ठरू नये; कारण कायद्याचा रोख निर्मात्याच्या तपशिलापासून दूर जाण्यावर आहे. पण प्रत्यक्षात रस्त्यावरचा पोलीस, विमा कंपनी आणि आरटीओ गाडी ताडून पाहतात ती प्रमाणपत्राशी. फेरफार करणे आणि फेरफार काढणे यांत कार्यपद्धती फरक करत नाही, ही खरी उणीव. परवानगीशिवाय इंजिन बदलले तर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. त्यासाठी इंजिन कुठून आले हे दाखवणारे बिल लागते, आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या इंजिनाला नेमके तेच नसते. नोंद न झालेल्या इंजिनासह अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, हे वेगळेच.

व्हिंटेज नोंदणीचा आधार मिळेल?

मोजक्यांनाच. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. वडापसाठी लांबवलेली जीप येथेच बाद होते. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर जायला ती वापरता येत नाही. आणि पहिली एमएम-५४० या वयात पोहोचेल ती २०३५ मध्ये.

इतरांना नेहमीच्याच वाटेने जावे लागते : पहिली १५ वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. दिल्ली परिसरातील वयोमर्यादा महाराष्ट्राला लागू नाही. मात्र नूतनीकरणास उशीर झाला तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. दहा वर्षे ताडपत्रीखाली राहिलेल्या जीपचा हा हिशेब किमतीत धरायला हवा.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

आधी प्रमाणपत्र, मग पत्रा. इंधन, आसनसंख्या, इंजिन आणि चेसिस क्रमांक गाडीशी स्वत: ताडून पाहावेत. चेसिसवर क्रमांकाच्या आसपास वेल्डिंग दिसले तर व्यवहार सोडलेला बरा. इंजिन बदलता येते, चेसिसचा संशय फिटत नाही. आणि गंज काढण्यासाठी चेसिस सँडब्लास्टिंगला देण्यापूर्वी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट व छायाचित्र घेऊन तेवढी जागा झाकून ठेवावी. वाळूच्या माऱ्यात आधीच झिजलेले आकडे पुसले जातात, आणि पुसट क्रमांक दिसला की आरटीओतला निरीक्षक छेडछाडीचीच शंका घेतो.