खिडकीतली सावली

वास्तववाद म्हणजे हुबेहूबपणा, असे आम्ही वर्गात फार सहज सांगून जातो. अमेरिकेतील प्रतिकृती-रेल्वेचे छांदिष्ट पाहिले की या समजुतीला तडा जातो. १:२४ प्रमाणातल्या लाकडी स्थानकाची दारेखिडक्या त्यांतले कित्येक जण विकत न आणता, लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून स्वतः घडवतात. सात फुटी दार साडेतीन इंचांचे होते. तावदानांमधली इंचभर रुंद पट्टी जेमतेम एक मिलिमीटर उरते. १:८७ या लहान प्रमाणात पारदर्शक पत्र्यावर छापलेल्या रेघांनी निभावून नेता येते, येथे नाही. तिकडच्या जुन्या, वरखाली सरकणाऱ्या खिडकीत वरची काचेची झडप बाहेरच्या खाचेत असते, खालची आतल्या. दोन्ही एकाच पातळीत चिकटवल्या, तर मापे अचूक असूनही खिडकी निर्जीव दिसते. कारण वरच्या झडपेची सावली खालच्या काचेवर पडत नाही.

आम्हांला वाटते, कथेतल्या तपशिलाची कसोटीही हीच आहे. तो खरा असणे पुरेसे नाही. त्याची सावली शेजारच्या तपशिलावर पडते का, हे पाहायला हवे. उत्तरपत्रिकेत ‘हुबेहूब चित्रण’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही हा प्रश्न कधी विचारलाच नाही. मग दोष त्याचा कसा?