अ‍ॅव्हरेज पडला : दोष पेट्रोलचा किती, गाडीचा किती?



बैठकीत कापसाच्या भावाचे बोलणे संपले की अलीकडे दुसरे गाऱ्हाणे हमखास निघते. "साहेब, गाडी पेट्रोल पिऊन राह्यली. पहिले पंचावन द्यायची, आता चाळीसवर आली. ते इथेनॉल टाकून राह्यले ना, त्याच्यानंच." कुणी मोटारसायकलचे सांगतो, कुणी सेकंडहँड घेतलेल्या कारचे. एका गावी तर डिझेलच्या जीपचे खापरही इथेनॉलवर फुटले. पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉल घालत नाहीत, हे सांगितल्यावर मंडळी हसली, पण जीपवाल्याचे समाधान झाले नाही. त्याचे बरोबरच होते. त्याची जीप डिझेल खात होती हे तर खरेच होते ना!

या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते पैशाचे तथ्य आहे. पण पंचावन्नवरून चाळीस म्हणजे शेकडा सत्तावीस घट. एवढे पाप एकट्या इथेनॉलच्या पदरात बसत नाही. सरकारपुढे मागणी न्यायची तर आकडा आपला पक्का पाहिजे. फुगवलेला आकडा साहेबलोक पहिल्याच प्रश्नाला फोडतात आणि त्याबरोबर खरी मागणीही केराच्या टोपलीत जाते.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जळून जेवढी उष्णता मिळते, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये मिळते. म्हणजे इथेनॉलच्या दर लिटरमागे एक-तृतीयांशाची तूट. टाकीत पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर तूट पाचव्या हिश्शाची एक-तृतीयांश, शेकडा साडेसहा-सात. हीसुद्धा निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर. देशात जून २०२२ मध्येच सरासरी १० टक्के मिश्रण झालेले होते. २० टक्क्यांचे पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर आले आणि २०२५ मध्ये सरासरी मिश्रण २० टक्क्यांवर गेले. म्हणजे १० वरून २० वर येताना नवी तूट शेकडा साडेतीनच्या आसपास. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये काढलेल्या इथेनॉलच्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि दुचाकीला ३ ते ४ टक्के घट धरली आहे. २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के.

तेव्हा पंचावन्न देणारी गाडी त्रेपन्नवर येईल, फार ओढून धरले तर एक्कावन्नवर. मग उरलेले अकरा किलोमीटर कुणी खाल्ले?

पऱ्हाटीवर लाल्या दिसला की आपण काय करतो? कृषी केंद्रवाला देईल ते औषध आणून मारतो. लाल्या नत्र कमी पडल्यानेही येतो, मॅग्नेशियम कमी पडल्यानेही, तुडतुड्यानेही, ओल तुटल्यानेही. पान लालच दिसते. गाडीचेही तसेच आहे. म्हणून आधी हे पाहा की अ‍ॅव्हरेज हळूहळू पडला की एकाएकी. इथेनॉलची तूट गावातल्या सगळ्या गाड्यांना लागते. एकाच पंपावर भरणाऱ्या चार गाड्यांपैकी तीन ठीक आणि तुमचीच एका महिन्यात दहा किलोमीटरने उतरली, तर रोग गाडीत आहे.

त्याही आधी मोजणी. "शंभराचे टाकले, दोन दिवस चालली" याला मोजणी म्हणत नाहीत. टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरा. किलोमीटर भागिले लिटर. असे तीनदा करा. पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, टाकी भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो.

आकडा खरोखरच पडला असेल तर फुकटातली तपासणी आधी करा. चाकातली हवा पाहा. हवा कमी म्हणजे बंडीचे चाक चिखलात. आपल्या काळ्या मातीत पावसाळाभर गाडी चालली की ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल बसतो आणि ब्रेक सुटत नाही. पाच-सहा किलोमीटर चालवून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. एक जास्त तापलेला असेल तर तुमचे पेट्रोल तिथे जळते आहे. मग एअर फिल्टर. उन्हाळ्यात पांदणीचा फुफाटा आणि वेचणीच्या दिवसांत कापसाची धूळ, फिल्टर बंद व्हायला दुसरे काही लागत नाही. इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही, तर क्लच घसरतो आहे. कारच्या उष्णतेचा काटा अर्ध्या तासानेही वर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. इंजिन आपल्याला थंडच समजते आणि जास्त पेट्रोल मागत राहते. धूर काळा निघत असेल तर जुन्या गाडीचा चोक आणि कार्ब्युरेटर, नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर व इंजेक्टर मेकॅनिकला दाखवा. पेट्रोलचा वास येत असेल तर रबरी नळी बघा. इथे मात्र इथेनॉलचा हात असू शकतो. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात स्वतःच मान्य केले आहे.

कारवाल्यांना एक टोमणा. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ऐंशीऐवजी एकशेवीसने गाडी हाकली तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. तो अ‍ॅव्हरेज दिल्लीने नाही, तुमच्या पायाने पाडला.

गाडीत दोष नाही, पेट्रोलचाच संशय आहे, तर पंपावर आपले हक्क आहेत. पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणा. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. फिल्टर पेपरची परीक्षा आणि घनतेचा आकडा मागता येतो. इथेनॉल किती ते घरीही कळते. खुणांच्या काचेच्या नळ्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवा व स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर एकोणीस-वीसपर्यंत आला तर मिश्रण १० टक्क्यांचे, पंचविशीच्या पुढे गेला तर २० चे. हे उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून करा आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका. टाकीत पावसाचे पाणी शिरले तरी हेच घडते : पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते आणि गाडी खोकत चालते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर बदलणे म्हणून स्वस्त पडते.

आता सरकारकडे वळू. गाडीचे सगळे दोष काढल्यावर जी साडेतीन ते सात टक्क्यांची तूट उरते, ती आपली नाही. ज्या आराखड्यात तूट मान्य केली, त्यातच असे पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त असावे असेही सुचवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालय म्हणाले, आता इथेनॉलच महाग झाले, लिटरला सरासरी ७१ रुपये ३२ पैसे पडते. असेल. पण शंभर रुपये घेऊन साडेत्र्याण्णव रुपयांचा माल देणारा व्यापारी मोंढ्यात सापडला तर आपण काय करतो? वर, जितके लिटर जास्त जळतील तितका राज्याचा करही जास्त. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, आणि तिथेही सरकारने ऊस शेतकऱ्याचे हित पुढे केले.

माझा इथेनॉलला विरोध नाही. शेतमालाला नवे गिऱ्हाईक मिळत असेल तर ते हवेच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या ताटापासून इथेनॉल काढण्याचे काम कित्येक वर्षांपूर्वी करून दाखवले. त्या वाटेने धोरण गेले असते तर कोरडवाहूच्या दारात चार पैसे आले असते. गेले ते ऊस, मका आणि तांदळाकडे. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि मागे तीनेकशे किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो. तो चोथा कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीनच्या ढेपेची जागा घेतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली गेला. त्याला कारणे आणखीही होती, पण हा चोथा त्यातले एक. म्हणजे कापसाच्या जोडीला सोयाबीन पेरणारा आपला माणूस पंपावरही देतो आणि मोंढ्यातही देतो, आणि नाव मात्र त्याचेच पुढे केले जाते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गाडीची वही आणा. गाडीचे वर्ष, दुरुस्ती काय केली, तीन टाक्यांचे आकडे, पंपाची पावती. हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू, समुद्रपूर, प्रत्येक तालुक्यातून निदान वीस वह्या जमल्या तर उष्णतेच्या प्रमाणात दर कमी करा आणि जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल पंपावर ठेवा, या दोन मागण्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कागदानिशी पाठवता येतील. ब्रेक चिकटलेल्या गाडीची वही आणू नका.