वाढदिवस तुमचा, टाळ्या पोरांच्या

मंडळी, आजचा विषय जरा टोचणारा आहे, तेव्हा आधी चहा घेऊन बसा.

अमेरिकेत चर्चच्या 'मिशन ट्रिप' निघतात. तरुण पोरंपोरी आठ-दहा दिवस ग्वाटेमाला, केनिया असल्या देशांत जातात, शाळेची भिंत रंगवतात, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगतात आणि परततात. त्यात एखाद्याचा वाढदिवस आला की बघायलाच नको. तिथली मुलं गाणं म्हणतात, केक कापला जातो, आणि घरी आल्यावर सगळ्यांना ऐकवलं जातं की हा आयुष्यातला सगळ्यात सुंदर वाढदिवस! आमच्या कँटीनमध्ये असा फोटो फिरला की लगेच टिंगल सुरू. "सेवा कसली, पिकनिक आहे पिकनिक. वर धर्मांतराचा डाव."

आणि हीच मंडळी पुढच्या शनिवारी काय करतात? दोन गाड्या भरून, केक आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन कुठल्यातरी आश्रमशाळेत नाहीतर बालगृहात वाढदिवस करायला निघतात. फरक फक्त पासपोर्टचा. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सेवेच्या मधोमध आपला केक असतो, ती सेवा नव्हे, समारंभ. मग ती चर्चची असो की कंपनीच्या सीएसआरची.

मी महाळुंगे पडवळचा. बालेवाडीशेजारचं म्हाळुंगे नव्हे, चाकणचं एमआयडीसीवालंही नव्हे, आंबेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे वडिलांच्या पिढीत ज्याला विचाराल त्याचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. माझ्या वडिलांचा तोच, दोन्ही चुलत्यांचाही तोच. केक कुणीच कापला नाही. वाढदिवस असायला नुसतं जन्मून भागत नाही, ती तारीख लक्षात ठेवणारं माणूस लागतं. आता बालगृहातल्या पोराचं बघा. ज्याची तारीख लक्षात ठेवणारं कुणी नाही, त्यालाच अनोळखी दादा-ताईंच्या तारखेला 'हॅपी बर्थडे टू यू' म्हणायला लावायचं! हे कुणालाच कसं खटकत नाही?

"अरे पण पोरांना गोडधोड तर मिळतं ना!" मिळतं की. पण पाहुणे येणार म्हणून पोरं गणवेश घालून दोन तास ओळीत बसलेली असतात, गणिताचा तास बुडतो, आणि ज्या ताईच्या गळ्यात पडून पोर रडलं ती ताई परत कधीच येत नाही. आपल्या धंद्यात रिलीज करून सपोर्ट न देता पळणाऱ्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. इथे तर समोर माणसाचं पोर आहे.

आणि मिशनरींना नावं ठेवायचीच तर आधी आपल्याकडे राहून गेलेले मिशनरी आठवा. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली जहाजाने मुंबईला आली. लग्न केलं नाही. मधली थोडी वर्षं सोडली तर १८६२ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मरेपर्यंत ती मराठी मुलींना शिकवत होती. तिची मुलींची शाळा बघून आल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली चोविसाव्या वर्षी भारतात आले, १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि १९२८ पर्यंत इथेच राबले. ही माणसं धर्मप्रसारासाठीच आली होती, ते लपवायचं कारण नाही. त्यांच्या हेतूशी खुशाल भांडा, मीही भांडेन. पण त्यांचेही वाढदिवस परदेशातच गेले की! पस्तीस-चाळीस वर्षं. आज त्यांची शाळा आणि दवाखाना लोकांच्या लक्षात आहे, वाढदिवस नाही.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. बाबू गेनू सैद आमच्या महाळुंग्याचा. मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाचा ट्रक अडवायला काळबादेवीत रस्त्यावर आडवा झाला, आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय जेमतेम बावीस. तुमच्याकडे कँपसमधून जॉइन होणारी पोरं असतात ना, तेवढं. गावात त्याची जन्मतारीख विचारलीत तर लोक डोकं खाजवतील. १२ डिसेंबर मात्र शाळेतलं पोरगंही सांगेल.

बरं, मग करायचं काय? वाढदिवस जरूर करा. आपल्या घरी करा. आईला औक्षण करू द्या, मित्रांना पार्टी द्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मदत करायची तर वेगळ्या दिवशी करा. संस्थेला आधी विचारा, काय हवंय? बहुतेक वेळा उत्तर वह्या नसतंच. संडासाची दुरुस्ती असते, इंग्रजी-गणित शिकवायला माणूस हवा असतो. दर दुसऱ्या शनिवारी, वर्षभर येणारा. जमत असेल तर हो म्हणा, नसेल तर दरमहा पैसे पाठवा आणि गप्प बसा.

आणि फोटो काढू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला त्यात मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या 'बर्थडे विथ अ डिफरन्स' अल्बममधल्या त्या वीस चेहऱ्यांना कुणी विचारलं होतं का?

अगदीच हौस असेल तर एक करा. वहीत त्या पोरांच्या तारखा लिहून घ्या. ज्याची नाही त्याला त्याच्या पसंतीची एक तारीख निवडू द्या. आणि त्या दिवशी केक घेऊन जा. सुरी त्याच्या हातात, टाळ्या तुमच्या. पुढच्या वर्षीही.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, चहा माझ्याकडून.