डोंगरवाटांना हवी परवान्याची शिस्त

पावसाळ्यात शनिवारची पहाट उजाडण्यापूर्वीच घोडबंदर रस्त्यावरच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या गृहसंकुलांतून ज्या मोटारी छतावर सामान बांधून मुरबाड-माळशेजकडे किंवा शहापूर-कसाऱ्याकडे निघतात, त्यांत चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणाऱ्या, लोकांच्या तोंडी ‘फोर बाय फोर’ म्हणून रूढ झालेल्या गाड्या आता नित्य दिसू लागल्या आहेत. आणि डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथे त्यांच्या मालकांचा खरा प्रवास सुरू होतो. ह्या छंदाला केवळ उपद्रव मानणे अन्यायाचे होईल, आणि त्याला अनिर्बंध मोकळीक देणे हा डोंगरावर व तेथील रयतेवर अन्याय होईल. माझे मत असे की, ह्या छंदाला सह्याद्रीत हक्काची जागा मिळावी. परंतु ती आखून दिलेल्या वाटेवर, रीतसर परवान्याने, आणि ज्या गावाच्या शिवारातून ती वाट जाते त्या गावाच्या संमतीने मिळावी.

छंद मुळात कौशल्याचा आहे, आणि कौशल्य म्हटले की संयम आलाच. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली विलिस जीप जुळविण्याचे काम महिंद्र कंपनीने मुंबईत हाती घेतले; त्याच परंपरेतील ‘थार’ २०१० साली आणि नव्या रूपात २०२० साली बाजारात आली. नव्या थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता नमूद आहे. तथापि काळू नदीच्या वाहत्या पात्रातील ओढीचा जोर आणि तळातले निसरडे गोटे कोणत्याही माहितीपत्रकात येत नाहीत, म्हणून प्रवाह संथ असेल तर स्वतः उतरून तळ चाचपणे, आणि नसेल तर गाडी निमूटपणे परत फिरविणे, हेच जाणत्या चालकाचे लक्षण होय.

सामान बांधण्यातही हाच विवेक लागतो. गाडीरस्ते होण्यापूर्वी कोकणचा माल पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी घाट चढून जात असे, आणि ओझे दोन्ही कुशींना समतोल नसेल तर बैल चढावर अडखळत असे. मोटारीचा न्याय त्याहून निराळा नाही. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो भरते. असे दोन कॅन, जादा टायर आणि तंबू छतावरच्या कॅरिअरवर चढविले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि जो आडवा उतार रिकामी गाडी सहज पार करते तिथेच लादलेली गाडी कलंडू शकते. म्हणून जड वस्तू तळाशी, मागच्या आसाच्या जवळ आणि पट्ट्यांनी घट्ट आवळलेल्या असाव्यात, आणि छतावर केवळ हलके सामान जावे. मजबूत दोर, आकडे, फावडे, प्रथमोपचाराची पेटी, आणि चिखलात टायरची हवा कमी केल्यावर डांबरी रस्त्याला लागताच ती पूर्ववत भरण्याचा पंप, एवढा सरंजाम बहुतेक वाटांना पुरतो.

गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्याची मुभा तर कायद्यानेच दिलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखानदाराने ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणीतला तपशील भिन्न होईल असा बदल वर्ज्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. गाडीच्या तोंडाला बसविलेल्या लोखंडी गार्डांविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिले, ते सकारण होते. कारण टकरीच्या वेळी ते लोखंड पादचाऱ्याला अधिक घातक ठरते आणि एअरबॅगच्या कार्यातही व्यत्यय आणू शकते.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा आहे. मुरबाड आणि शहापूरच्या उतारांवरील वरकस जमिनीत ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबे नाचणी-वरी घेतात, आणि खाली भाताची खाचरे असतात. पावसाने भिजलेल्या मुरमावरून जड चाके घसरत गेली की त्यांच्या चाकोरीतून पाणी धावू लागते, चाकोरीची घळ होते, आणि तुटलेला बांध पुन्हा घालण्याचे श्रम ज्याच्या वाट्याला येतात तो त्या सहलीत कुठेच नसतो. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तानसा हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असलेल्या अशा क्षेत्रांत हौसेखातर वाट सोडून गाडी घालण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

आजचा शिरस्ता असा की, पावसाळा आला की धबधब्यांच्या परिसरासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो, आणि मुदत संपताच सर्व काही पूर्ववत होते. मनाई आवश्यक असेल तेथे ती असावीच. पण नुसत्या मनाईने शिस्त उपजत नाही. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन नाणेघाट हा आखलेला व्यापारी मार्ग होता, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरेने सांगितले जाते. वाटेचा उपयोग करणाराने वाटेचा खर्च उचलावा, हे तत्त्व आपल्या मातीला नवे नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत. तेव्हा जिल्हाधिकारी, वनखाते आणि ग्रामसभा यांनी मिळून वनक्षेत्राबाहेरच्या मोजक्या वाटा मुक्रर कराव्यात, भर पावसात त्या बंद ठेवाव्यात, एका दिवशी किती गाड्या सोडायच्या ते ठरवावे, आणि परवान्याच्या शुल्कातून बांधांची दुरुस्ती व गावातील तरुण वाटाड्यांचे मानधन द्यावे. छंदिष्टांच्या मंडळांनी ही मागणी स्वतः पुढे होऊन जिल्हाधिकारी कचेरीत दाखल केली, तर गावाशी त्यांचे नाते उपऱ्याचे न राहता भागीदाराचे होईल, आणि नियमाच्या भयाने नव्हे तर दिलेल्या शब्दाच्या अभिमानाने त्या वाटा राखल्या जातील.