ऑपरेशनची सही आणि रुग्णाचा नकार

कागलकडच्या एका आबांची गोष्ट सांगतो. वय पंचाहत्तर, कर्करोग यकृतापर्यंत पसरलेला. "जीव गेला तर छाती दाबून, नळ्या घालून परत आणू नका," असे त्यांनी मुलाला आणि मला बजावले होते. पुढे अंगणात घसरून खुब्याचे हाड मोडले. कूस बदलणेही अशक्य झाले. वेदना थांबावी म्हणून ते ऑपरेशनला तयार झाले. मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, आबांनी सही केली. म्हणजे पहिलं बोलणं रद्दच ना?"

रद्द नाही. वेदना घालवण्यास होकार म्हणजे सर्व उपचारांना होकार नव्हे. मात्र दुसरी बाजूही आहे. भुलीमुळे रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. नळी घालणे हा पूर्ण भुलीचा नेहमीचा भाग आहे. त्या वेळी हृदय थांबले, तर कारण पुष्कळदा तात्पुरते आणि लगेच सुधारण्याजोगे असते. म्हणून जुना नकार आपोआप रद्द समजू नये आणि डोळे मिटून पाळूही नये. रुग्णाला पुन्हा विचारावे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९३ सालीच हे सांगितले आहे.

मी आबांना विचारले. ते म्हणाले, "भुलीनं काय झालं तर सोडवा. पर मशीनवर टांगून ठेवू नगासा." तेच केसपेपरवर लिहिले, सर्जन व भूलतज्ज्ञांनी वाचले. ऑपरेशन सुखरूप झाले. दोन महिन्यांनी आबा घरीच, आपल्या माणसांत गेले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग २०१५ साली निधन होईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांची इच्छा विचारण्याची सोयच उरली नव्हती. आपल्याला ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते.

वाचकहो, घरातल्या गंभीर आजारी माणसाचे ऑपरेशन ठरले, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटा. काय चालेल, काय नको आणि किती दिवस, हे रुग्णाच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. आपण मायेपोटी मुलांना विचारतो. पण शरीर आबांचे आहे.