लॉग म्हणे खोटं बोलत नाही!

सरकारी खरेदीवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या एका गृहस्थांचं ताजं प्रवचन नुकतंच कानावर आलं. सारांश असा: पोर्टल अडकलं, बोली दाखल झाली नाही, म्हणून उच्च न्यायालयात धावणारे कंत्राटदार सगळे रडके. पाच म्हणजे पाच. शेवटच्या तासापर्यंत थांबलात, भोगा. बाकीच्यांच्या बोली गेल्याच की! सर्व्हरचा लॉग खोटं बोलत नाही. आणि न्यायालयांनी यात नाक खुपसलं तर पूल-रस्ते कागदावरच राहतील. टाळ्या पडल्या असणार. त्यांच्या व्याख्यानांना त्या पडतातच.

शेवटच्या तासाचं आधी आटोपून घेऊ. मुदत पाच वाजता संपते असं सरकारनेच लिहिलं असेल, तर चार वाजून पन्नास मिनिटांनी भरणारा वेळेत आहे. लवकर भरला तर दर फुटेल ही धास्ती, मुदत दोन दिवसांवर असताना आलेलं शुद्धिपत्रक, बँकेत अडकलेली बयाण्याची रक्कम, यातलं काहीही ज्यांच्या वाट्याला कधी आलं नाही त्यांनी शिस्तीचे धडे खुशाल द्यावेत.

न्यायालयांबद्दल ते अर्धं बरोबर बोलतात, म्हणून जास्त वैताग येतो. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून सर्वोच्च न्यायालय संयम ठेवायला सांगत आलं आहे हे खरं. पण त्याच निकालाचं म्हणणं असं की न्यायालयाने निर्णयाच्या गुणावगुणांत शिरू नये, निर्णय कोणत्या रीतीने झाला ते तपासावं. कोणाची बोली पेटीत पोचली आणि कोणाची पोर्टलच्या पोटात राहिली, ही निर्णयाची रीत नाही तर काय आहे? आणि 1979 च्या रमणा शेट्टी निकालाचं काय? मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या आणि दोन स्नॅक बारच्या निविदेवरून तो खटला उभा राहिला आणि सरकारी यंत्रणेने स्वतः घालून दिलेले नियम तिने स्वतःही पाळले पाहिजेत, हे त्यातून पक्कं झालं. पाच वाजेपर्यंत बोली स्वीकारू असं जाहीर केलंत ना? मग पाच वाजेपर्यंत दार उघडं ठेवा.

पुरुलिया जलविद्युत प्रकल्पाचा 2001 चा निकाल हे या गृहस्थांचं लाडकं हत्यार. त्यात बोलीदारांनी चुकांचं खापर संगणकावर फोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. योग्यच झालं! तो संगणक त्यांचा होता. आपल्या यंत्राने केलेली चूक आपल्या खात्यावर. हाच हिशेब सरकारच्या यंत्राला का लागू नये, एवढंच आम्ही विचारतो. यावर मात्र व्याख्यानात अवाक्षर नाही.

आता त्या लॉगकडे वळू, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत काय घडतं ते आधी पाहा. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत ई-टेंडरवाला बसलेला असतो. टेबलाच्या खणात पाच-सहा कंत्राटदारांच्या डिजिटल सहीचे डोंगल, प्रत्येकाला चिकटपट्टीने नाव लावलेलं. पहिल्या लिफाफ्यात स्कॅन केलेली तांत्रिक कागदपत्रं गेली, दुसऱ्यात दरांची बीओक्यू फाइल. या फाइलच्या नावात एक अक्षर बदललं तरी पोर्टल ती नाकारतं. डोंगलचा पिन टाकला, फाइल कूटबद्ध होऊ लागली. पडद्याच्या कोपऱ्यात सर्व्हरचं घड्याळ पळतंय. भिंतीवरचं घड्याळ काय म्हणतं याला किंमत नाही. सगळं चढलं तरी काम संपत नाही. 'फ्रीझ बिड' हे बटण दाबलं, बोलीचा क्रमांक आणि वेळेसकट पोच आली, तरच बोली दाखल. बटण दाबलं आणि समोर पांढरा पडदा आला तर? पुन्हा लॉगिन करेपर्यंत पाच वाजले.

सोमवारी बोली अडकलेला कंत्राटदार कार्यकारी अभियंत्याकडे जातो. ते म्हणतात, पोर्टल आमचं नाही, हेल्पडेस्कला विचारा. हेल्पडेस्क तिकीट क्रमांक देतं. पुढच्या पत्रात दोन वाक्यं येतात: त्या कालावधीत पोर्टल सुरळीत सुरू होतं, अन्य बोलीदारांच्या बोली प्राप्त झाल्या आहेत. ही दोन वाक्यं छापून ठेवलेली असावीत, इतकी ती ठरलेली.

अन्य बोलीदारांच्या आल्या, यावरून काय सिद्ध होतं? त्यांचं सेशन चाललं, एवढंच. याचं सेशन तुटलं की नाही, तुटलं तर कुठल्या टोकाला, याचं उत्तर त्यात नाही. आणि 'बटण दाबलंच नाही' असं लॉग म्हणतो तेव्हा त्याचा काटेकोर अर्थ इतकाच, की दाबल्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोचल्याची नोंद नाही. बोट उठलंच नाही, की विनंती वाटेत मेली, की सर्व्हरच्या दारापर्यंत येऊन नोंद होण्याआधी गळाली? तिन्हींत लॉग सारखाच कोरा. खोटं बोलण्याचा प्रश्नच नाही. जे पोचलंच नाही त्याबद्दल तो बोलणार काय?

त्यातून हा लॉग कोण वाचतं? ज्याचं पोर्टल तोच. बॉलरनेच बोट वर करून फलंदाजाला बाद ठरवावं असा हा खेळ. मुंबईच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या निविदेत हेच रणकंदन झालं. कागदपत्रं चढवली, पण तांत्रिक बिघाडामुळे बोली दाखल झाली नाही, असं एका बड्या बांधकाम कंपनीचं म्हणणं. वाद त्या 'फ्रीझ' बटणापाशी आला. उच्च न्यायालयाने कंपनीला संधी दिली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती काढून घेतली, आणि वजन पडलं ते पोर्टल चालवणाऱ्या यंत्रणेच्या अहवालाचं. त्या प्रकरणात निकाल कदाचित तसाच लागायला हवा होता. माझी तक्रार त्यानंतर सुरू होते: प्रत्येक खात्याचा वकील आता तो निकाल नाचवत येतो, अहवाल असो वा दोन ओळींचं पत्र.

शिवाय लॉग पवित्र असतो ही श्रद्धा कुठून आली? 2018 मध्ये मध्य प्रदेशात ई-निविदांमधले आकडेच बदलून मर्जीतल्यांना सर्वात कमी दराचे बोलीदार बनवल्याचा आरोप गाजला. 2019 मध्ये तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोप पोर्टलच्या आतल्या फेरफाराचा होता. संसदेला मात्र अशी श्रद्धा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर हॅश व्हॅल्यूसह प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. रिट याचिकेत मात्र बहुधा एक प्रतिज्ञापत्र येतं, सोबत पडद्याचा फोटो असलाच तर नशीब. मग 'वस्तुस्थितीचा वाद आहे, रिटमध्ये ठरवता येणार नाही' म्हणून याचिका निकालात निघते. दिवाणी दाव्यात जा, तोवर कार्यादेश निघालेला, खडी पडलेली, आणि पायाभूत प्रकल्प असेल तर 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायदा मनाई हुकमाच्या आड उभा.

इथे एक जुनं भांडण आठवल्याशिवाय राहत नाही. ई-निविदा आल्या तेव्हा याच पठडीतले लोक म्हणत होते की कंत्राटदार बुडेल, लाखेचं सील असलेला लिफाफा तोच खरा. त्या सीलच्या काळात निविदा पेटीच्या वाटेवर चार आडदांड उभे असायचे, आणि टेंडर 'मॅनेज' झालंय हे जिल्ह्यातल्या चहाच्या टपरीला ठाऊक असायचं. ऑनलाइन झाल्याने ती वाट मोकळी झाली, हे आम्ही तेव्हाही म्हणत होतो. आता तेच महाशय पोर्टलचे पुजारी झाले आहेत आणि आम्ही म्हणे पोर्टलविरोधी! लिफाफ्यावर तेव्हा आवक शिक्का तरी बसायचा, हे विसरण्याची सोय मात्र त्यांनी करून घेतली.

मग करायचं काय? फार काही नाही. मुदतीच्या शेवटच्या काही तासांत सर्व्हर ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त बंद पडला किंवा मंदावला, तर सर्वांना आपोआप मुदतवाढ मिळावी, कोणी अर्ज करो न करो. बोली चढवताना टप्प्याटप्प्याला पोच निघावी; माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 13 अन्यथा ठरलं नसेल तेव्हा नोंद ठरलेल्या संगणकात शिरताच ती मिळाली असं मानतं, मग कूटबद्ध फाइल सर्व्हरवर पोचल्याची पावती द्यायला अडचण काय? तक्रार आली तर त्या सेशनचा पूर्ण लॉग दोन दिवसांत तक्रारदाराच्या हाती, आणि पोर्टलशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने तो वाचेपर्यंत दरांचे लिफाफे बंद. मुदतीनंतर नव्याने काही चढवू देऊ नये. फक्त जे आधीच सर्व्हरवर पडलेलं आहे, तेच उघडावं.

हे तपशील कच्चे आहेत, मान्य. तज्ज्ञ कुठून आणायचे, पैसे कोणी द्यायचे, हे ठरवावं लागेल. याचिकांचा पूर येईल अशी भीती वाटत असेल, तर लॉग तपासल्यावर ज्याचा दावा धादांत खोटा निघेल त्याचा बयाणा जप्त करा आणि तपासणीचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल करा. बिघाड पोर्टलचा निघाला तर तोच खर्च पोर्टल चालवणाऱ्याने भरावा.