विजेता एक, फी सगळ्यांची

लास वेगासमध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू केली, तेव्हा विजेता मतदानाने ठरला होता. सोबतच्या खेळाडूंनीच जॉनी मॉस यांना कौल दिला. पुढच्याच वर्षी नियम बदलला: चिप्स संपल्या की बाहेर, आणि अखेरपर्यंत टिकेल तो विजेता. १९७२ पासून मुख्य स्पर्धेची प्रवेश फी दहा हजार डॉलर आहे. या स्पर्धेचा कायापालट मात्र ख्रिस मनीमेकर या टेनेसीतल्या हिशेबनिसाने केला. ऑनलाइन पात्रता फेरीतून अगदी थोडक्या पैशांत आत येऊन त्याने २००३ साली ८३९ जणांत पहिला नंबर काढला आणि २५ लाख डॉलर जिंकले. पुढच्या वर्षी खेळाडू २,५७६ झाले. २०२३ मध्ये आकडा दहा हजारांवर गेला. नवख्यालाही नामवंतांसमोर बसू देणारा हा मोकळेपणा मला मनापासून भावतो. पण बक्षिसाची रक्कम सगळ्यांच्या फीमधूनच उभी राहते आणि बहुतेक जण रिकाम्या हातांनी परततात. म्हणून मुलांना मनीमेकरची गोष्ट सांगताना हा हिशेबही त्यांच्यापुढे मांडलाच पाहिजे.